चिखलासाठी ट्रॅक्टरचे टायर: आधी गज, मग दुकान

पावसाळ्यात ट्रॅक्टर एकदा का चिखलात रुतला, की दुसऱ्या दिवशी मालक टायरच्या दुकानात उभा असतो. मागणीही ठरलेली असते. "जास्त रुंद द्या", नाहीतर "मोठ्या नक्षीचे द्या", नाहीतर "जास्त प्लायचे द्या". पहिल्या दोन मागण्या कुठल्या तरी शेतासाठी बरोबर असतात. तिसरी जवळजवळ कुठल्याच चिखलासाठी बरोबर नसते.

चूक होते ती क्रमात. लोक टायर आधी ठरवतात आणि जमिनीचा विचार टायर बसल्यावर करतात. चिखलात टायरला पकड मिळण्याचे मार्ग दोनच आहेत. एकतर टायरने चिखल कापून खालचा टणक थर धरायचा, नाहीतर चिखलावर पसरून, न बुडता चालायचं. पहिल्याला अरुंद टायर, खोल नक्षी आणि वजन लागतं. दुसऱ्याला रुंद टायर, कमी हवा आणि हलका ट्रॅक्टर लागतो. एकाच टायरकडून दोन्हीची अपेक्षा ठेवली की पैसे जातात आणि ट्रॅक्टर पुन्हा तिथेच बसतो. म्हणून चिखलाखाली काय आहे, हे आधी बघायचं.

खालचे आकडे ३५ ते ५५ एचपीच्या, मागे २८ इंची रिम असलेल्या ट्रॅक्टरसाठी आहेत. मिनी ट्रॅक्टरची मापं वेगळी असतात, क्रम मात्र हाच.

## टप्पा १ : गज घेऊन शेतात जा

लागेल ते सामान: १२ मिमीचा तीनेक फूट लांब लोखंडी गज, मोजपट्टी आणि खडू.

कोरड्या शेतात ही तपासणी करण्यात अर्थ नाही. चांगला पाऊस पडून गेल्यावर, ज्या अवस्थेत तुम्हाला खरोखर ट्रॅक्टर आत घालावा लागतो, त्या अवस्थेत जा. गज दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन उभा दाबा. हातोडा वापरू नका, हातोड्याने गज मुरुमातही जातो. जिथे थांबेल तिथे खडूची खूण करा आणि मोजा.

शेताच्या मधोमध दोन जागा बघून परत येऊ नका. ट्रॅक्टर रुततो तो बहुतेक वेळा शेताच्या तोंडाशी, सखल कोपऱ्यात, पाटाचं पाणी झिरपतं त्या बांधाकडेला आणि वळणावर. त्या जागा आधी तपासा.

गजाची वागणूक साधारण तीन प्रकारची असते.

प्रकार क. गज मऊ चिखलातून वीतभर जातो आणि एकदम थांबतो. हाताला तळ स्पष्ट लागतो. कोकणातल्या जांभ्यावरच्या किंवा मुरमावरच्या भातखाचरात असं होतं. भंडारा-गोंदियाकडच्या, वर्षानुवर्षं चिखलणी झालेल्या बांध्यांतही नांगराखाली घट्ट थर तयार झालेला असतो, तोही असाच लागतो.

प्रकार ख. गज हळूहळू जड होत जातो, पण तळ काही लागत नाही. खोल काळ्या जमिनीचं हे लक्षण. मराठवाडा, विदर्भाचा कापूसपट्टा, कृष्णा-भीमेच्या काठची मळई, सगळीकडे हा प्रकार भेटतो. वर ओढून काढलेल्या गजाला माती चिकटून आली तर शंका उरत नाही.

प्रकार ग. वरचे दोन-चार बोटं निसरडे, खाली जमीन कोरडी आणि कडक. मृगाच्या पहिल्या सरींनंतर किंवा परतीच्या पावसानंतर उसाच्या फडातून बाहेर पडणाऱ्या वाटेवर हा चिखल असतो. इथे ट्रॅक्टर बुडत नाही, घसरतो.

एकाच शेतात दोन प्रकार सापडले तर ज्या जागी तुम्ही जास्त वेळा अडकता तिचा प्रकार धरा.

तपासा: ट्रॅक्टर सपाट कडक जागी उभा करून पोटाखालची सगळ्यात खालची जागा जमिनीपासून मोजा. मागच्या अॅक्सलचं घर, ओढदांड्याचा ब्रॅकेट, फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा अॅक्सल, यांतलं जे खाली असेल ते. चिखलाचा तळ या उंचीच्या जवळपास किंवा त्याहून खोल असेल तर त्या जागेसाठी टायर शोधू नका. पोट टेकलं की चाकावरचा भार जातो, आणि भार गेला की कुठलीही नक्षी निकामी. तिथे चर काढून पाणी घालवा किंवा वाट बदला.

प्रकार ख असलेल्यांसाठी आणखी एक चाचणी. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा (ट्रॅक्टर घालता येईल इतपतच ओल) आलाय. चपटा होऊन तसाच पडून राहिला तर ट्रॅक्टर बांधावर ठेवा. टायर बदलल्याने वाफसा दोन दिवस आधी येत नाही. ओल्या काळ्या मातीत फिरत्या चाकाने जमीन लिंपल्यासारखी होते, चाकोरीखालचा थर दाबला जातो आणि पुढच्या पिकाची मुळं तिथे अडतात. शेजाऱ्याने पेरणी उरकली म्हणून आत घुसणाऱ्याला हे सांगून उपयोग नसतो, तरी सांगतो.

## टप्पा २ : वर्षभराच्या कामाची यादी करा

कागद घ्या आणि ट्रॅक्टर वर्षात कुठे किती चालतो ते ढोबळमानाने लिहा: चिखलणी, पेरणी, नांगरट, रोटाव्हेटर, ट्रॉली. ट्रॉलीपुढे डांबरी रस्ता किती आणि मातीचा किती, तेही लिहा.

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि बहुतेक जण तो गाळतात. पण पंधरा दिवसांच्या चिखलासाठी घेतलेला खोल नक्षीचा टायर उरलेलं वर्ष डांबरावर घासला जातो. उंच लग (टायरच्या नक्षीतले रबरी उंचवटे) रस्त्यावर डुगडुगतात, तापतात आणि लवकर झिजतात. ट्रॉलीचं काम निम्म्याहून जास्त असेल तर चिखलासाठीची सोय टायरबाहेर, म्हणजे लोखंडी चाकं, वजन आणि हवा यांत शोधायची, हे इथेच ठरवून टाका.

## टप्पा ३ : नक्षी ठरवा

टायरच्या कडेवर कंपनीने ठेवलेलं नाव मोठ्या अक्षरांत असतं, ते वाचू नका. त्याच्या आसपास छोटा संकेत असतो, तो शोधा.

आर-१ : नेहमीचा शेतीचा टायर. नवा ट्रॅक्टर बहुधा यावरच येतो. नांगरट, पेरणी आणि रस्ता, तिन्हींत चालतो.

आर-१ डब्ल्यू : ओल्या जमिनीसाठी. लगची खोली आर-१ पेक्षा साधारण २० ते २५ टक्के जास्त. रस्त्यावरही सहन होतो.

आर-२ : भात आणि ऊस यांच्या पाणथळ शेतासाठी. लगची खोली आर-१ च्या दुपटीच्या आसपास, लगमधलं अंतरही मोठं.

आर-३ आणि आर-४ : पहिला हिरवळीसाठी, दुसरा बांधकामाच्या यंत्रांसाठी. चिखलणी-नांगरटीच्या कामाला दोन्ही नकोत. जेसीबीसारख्या यंत्राचे जुने टायर स्वस्तात मिळतात म्हणून बसवणारे आहेत. आर-४ चे लग रुंद आणि बुटके असतात, काळ्या मातीत काही फुटांत भरून गुळगुळीत होतात.

आता गजाच्या निकालाशी जोडा.

प्रकार क मध्ये टायरने तळापर्यंत पोचायला हवं. वर्षाचं बरंचसं काम भाताचंच असेल आणि रस्ता कमी असेल तर आर-२ घ्या. रस्ताही बराच असेल तर आर-१ ठेवा आणि चिखलणीपुरती लोखंडी जोड-चाकं लावा, ज्यांना दुकानात हाफ केज म्हणतात. जोड-चाकाचा व्यास टायरपेक्षा थोडा कमी हवा, म्हणजे कडक जागी भार टायरवरच राहतो आणि चिखलात टायर जरा बुडाला की लोखंडी पट्ट्या माती धरतात. रुंदी निवडताना खाचराचं तोंड मोजा. चाकं लावलेला ट्रॅक्टर बांध फोडल्याशिवाय आत जाणार का, हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारायचा असतो.

इशारा: लोखंडी चाकं लावून डांबरी रस्त्यावर जाऊ नका. रस्ता उखडतो, आणि बाहेरच्या बाजूने बसणारे हादरे अॅक्सलच्या बेअरिंगवर येतात. चाकं ट्रॉलीतून न्या आणि शेतावर लावा.

प्रकार ख मध्ये उलट विचार करा. तळच नाही, तर खोल नक्षी शोधणार काय? ती फक्त जास्त खोल खणते. इथे रुंद टायर, कमी हवा आणि लगमध्ये मोकळी जागा हवी. आर-१ पुरतो, फार तर आर-१ डब्ल्यू. दोन टायर समोर असतील आणि बाकी सारखंच असेल, तर ज्याच्या दोन लगमध्ये तुमची मूठ सहज बसते तो घ्या. चिकट माती लगच्या खोलीपेक्षा फटीच्या अरुंदपणामुळे जास्त अडकते. लगच्या बुडाशी उतार असेल, काटकोनी कोपरा नसेल, तर माती सुटायला मदत होते. बोट फिरवून बघा.

प्रकार ग साठी बहुतेकदा नवा टायर लागतच नाही. आर-१ चे लग धारदार आणि पुरेसे उंच असतील तर वजन आणि हवेने काम भागतं. झिजलेल्या टायरने मात्र याच चिखलात सगळ्यात जास्त फजिती होते. वरचा थर कापून खाली पोचायला दोन-चार बोटंच हवी असतात आणि तेवढीही नक्षी उरलेली नसते. लग निम्मे झिजले की चिखलापुरता टायर संपला असं मी धरतो, रस्त्यासाठी तो अजून चालो.

पुढच्या टायरबद्दल थोडक्यात. टू व्हील ड्राइव्हला पुढे धारीचा टायर असतो, त्यातला तीन धारींचा म्हणजे एफ-२ चिखलात वळायला बरा. पुढचं चाक बुडून माती ढकलत चाललं की मागच्या चाकांची अर्धी ताकद तिथेच खर्च होते. अशी तक्रार असेल तर ६.००-१६ ऐवजी ७.५०-१६ चा विचार करा, पण रिम चालते का ते विचारूनच.

## टप्पा ४ : माप ठरवा, आणि रिमला विचारून ठरवा

सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका इथे होतात.

१३.६-२८ याचा अर्थ टायरची रुंदी साधारण १३.६ इंच आणि रिमचा व्यास २८ इंच. मधे आडव्या रेघेऐवजी इंग्रजी 'आर' असेल तर टायर रेडियल आहे. रेडियलचं माप ३४०/८५ आर २८ असंही लिहितात, ते १३.६-२८ च्याच जागी बसतं. ३८०/८५ आर २८ हे १४.९-२८ च्या जागी आणि ४२०/८५ आर २८ हे १६.९-२८ च्या जागी. रेडियलची कड लवचिक असते, कमी हवेत टायर लांब पसरतो, म्हणून प्रकार ख मध्ये त्याचा खरा फायदा दिसतो. किंमत जास्त असते. एका अॅक्सलवर एक रेडियल आणि एक साधा असं मात्र कधीही करू नका.

पायरी १, रिम वाचा. रिमच्या कडेवर मापाचा ठसा असतो. माती खरवडून, ब्रशने घासून वाचा. साधारण जोड्या अशा: १२.४-२८ ला १० किंवा ११ इंच रुंदीची रिम, १३.६-२८ ला ११ किंवा १२, १४.९-२८ ला १२ किंवा १३, आणि १६.९-२८ ला १४ किंवा १५. म्हणजे १२ इंची रिमवर १३.६ वरून १४.९ ला जाता येतं, १६.९ ला नाही. अरुंद रिमवर कोंबलेला रुंद टायर मधोमध फुगतो, कडेचे लग जमिनीला नीट लागत नाहीत, आणि रुंदीचे दिलेले पैसे हवेत राहतात. "बसतंय की" असं दुकानदार म्हणेल. बसतं, चालत नाही.

पायरी २, आजूबाजूची जागा बघा. १३.६ वरून १४.९ ला गेलं की टायरची उंचीही दोनेक इंच वाढते. मडगार्ड, लिफ्टचे हात आणि साखळ्या यांच्याशी किती जागा उरते ते मोजा. चिखल चिकटल्यावर टायर आणखी जाड होतो, म्हणून बोटभर फट पुरत नाही.

पायरी ३, सरी आणि तास मोजा. पलटी नांगर चालवताना एक चाक तासात, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरात, असतं. तासापेक्षा टायर रुंद असेल तर तो नांगरलेल्या मातीवर चढतो आणि ट्रॅक्टर वाकडा ओढतो. उभ्या पिकात आंतरमशागत करत असाल तर दोन ओळींतलं अंतर रुंद टायर स्वीकारतं का, हेही इथेच बघा.

पायरी ४, फक्त फोर व्हील ड्राइव्हसाठी. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरावीत अशी रचना असते. मेकॅनिक याला लीड म्हणतात. ही सरशी साधारण १ ते ५ टक्क्यांत असावी. फक्त मागचे टायर मोठे केले की ती नाहीशी होते किंवा उलटी होते. मग पुढची चाकं ओढायच्या ऐवजी ब्रेकचं काम करतात. पैसे घालून फोर व्हीलचा टू व्हीलही राहत नाही, त्याहून वाईट होतो.

मोजायची रीत सोपी आहे. सपाट, कडक मातीची जागा निवडा. मागच्या आणि पुढच्या एकेका टायरवर खडूने रेघ मारा. फोर व्हील बंद ठेवून, हळू गिअरमध्ये, सरळ रेषेत मागचं चाक दहा वेळा फिरेपर्यंत जा. एक माणूस बाजूने, अंतर राखून चालत पुढच्या चाकाचे फेरे मोजेल, शेवटचा अपुरा फेरा लग मोजून धरायचा. मग फोर व्हील टाकून तेच करा. बंद असताना १५ फेरे आणि चालू असताना साडेपंधरा आले तर फरक अर्ध्या फेऱ्याचा, म्हणजे सुमारे ३.३ टक्के. ठीक आहे. दोन्ही आकडे सारखे आले, किंवा चालू असताना कमी आले, तर टायरची जोडी चुकली आहे. बदल करायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मोजा. डांबरावर फोर व्हील टाकून हे करू नका.

## टप्पा ५ : दुकानात

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, चार गोष्टी बघा.

*पीआर, म्हणजे प्लाय रेटिंग.* हा आकडा टायरची भार पेलायची ताकद सांगतो, पकड नाही. जास्त पीआरचा टायर कडक असतो, कमी हवेत पसरत नाही, आणि चिखलात हवं असतं नेमकं पसरणं. जड ट्रॉली किंवा लोडरचं काम असेल तरच वर जा, आणि तेही ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतल्या आकड्याला धरून.

*तारीख.* कडेवर चार अंकी ठसा असतो. पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मोठ्या सवलतीत मिळणाऱ्या टायरचा हा ठसा आधी वाचा. उन्हात पडून राहिलेल्या रबराला लगच्या बुडाशी बारीक चिरा दिसतात. लग अंगठ्याने जोरात वाकवून बघा.

*लगची उंची.* पट्टी दोन लगच्या मधे उभी धरून मोजा. मधोमध एकदा, खांद्याजवळ एकदा. जुने किंवा रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले) टायर घेत असाल तर दोन्ही टायरचं माप सारखं हवं.

*जोडी.* मागचे दोन्ही टायर एकदम, एकाच मापाचे आणि एकाच नक्षीचे घ्या. एक नवा आणि एक झिजका असेल तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) सतत काम करत राहतं, आणि चिखलात झिजकं चाक एकटंच फिरत बसतं. ट्यूबही नव्या घ्या. जुनी ट्यूब ताणलेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि घडीवरच ती फाटते.

कापसाच्या पऱ्हाटीच्या किंवा तुरीच्या खुंटांतून ट्रॅक्टर जात असेल तर कडेचं रबर जाड असलेला टायर मागा. कमी हवेत चालवणार असाल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण तेव्हा कड बाहेर फुगलेली असते आणि खुंट नेमका तिथे लागतो.

## टप्पा ६ : बसवणे

दिशा. कडेवर बाण असतो, पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेला तो हवा. बाण पुसला असेल तर ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून मागच्या टायरकडे बघा. लग छपरासारखे दिसले पाहिजेत, टोक वर. असं असलं की लगचं मधलं टोक जमिनीला आधी टेकतं आणि माती मधून कडेला ढकलली जाते. उलट बसवला तर माती मधे गोळा होते आणि टायर भरतो.

तपासा: पहिल्यांदा चालवल्यावर ओल्या मातीतला ठसा बघा. इथे पुष्कळ जण गोंधळतात, कारण ठशातलं टोक ट्रॅक्टर जिथून आला त्या बाजूला असतं. ते बरोबर आहे. ठसा बघून "उलटे बसले" म्हणत टायर फिरवून घेऊ नका.

रिम तारेच्या ब्रशने घासून गंज काढा. टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा ऑइल नको, ते रबर खातं आणि पुढे टायर रिमवर फिरतो.

इशारा: टायरची कड रिमवर बसवताना हवा ३५ पीएसआयच्या पुढे नेऊ नका. कड बसली नाही तर हवा पूर्ण सोडा, पुन्हा साबणपाणी लावा, पुन्हा भरा. "अजून थोडी भर, बसेल" म्हणत वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर टायर फुटू शकतो. हवा भरताना बाजूला उभे राहा आणि लांब नळी वापरा.

बसवून झालं की टायर आणि रिम दोन्हींवर येईल अशी रंगाची एक आडवी रेघ व्हॉल्व्हजवळ मारा. चिखलाच्या दिवसांत रोज सकाळी ही रेघ बघायची. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील तर टायर रिमवर घसरतोय, ट्यूब व्हॉल्व्हपाशी ओढली जातेय आणि एक-दोन दिवसांत व्हॉल्व्ह उपटणार. हवा दोन-तीन पीएसआयने वाढवा.

चाकाचे नट पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा आवळा. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळेच विसरतात.

## टप्पा ७ : हवा आणि वजन

चांगला टायर घेऊनही चिखलात अडकणाऱ्यांचं कारण बहुधा इथे सापडतं. ट्रॉलीसाठी भरलेली हवा तशीच ठेवून ट्रॅक्टर शेतात जातो.

मागच्या टायरची शेतातली हवा पुस्तिकांत बहुतेकदा १२ ते १४ पीएसआयच्या आसपास दिलेली असते, रस्त्यावर भार ओढताना ती वाढवायची असते. तुमच्या टायरचा आणि पुस्तिकेचा आकडा शेवटचा. त्याच्या खाली जाऊ नका, टायर रिमवर फिरतो आणि कड मुडपते. हवा टायर थंड असताना, सकाळी मोजा. शंभर-दीडशे रुपये वाचवायला कमी दाबाचं मीटर घ्यायचं टाळू नका. ट्रकच्या हवेच्या मीटरवर १२ आणि १६ मधला फरक कळत नाही.

वजनाचं उत्तर पुन्हा गजाकडे आहे.

प्रकार क आणि ग मध्ये तळ जवळ आहे, तेव्हा मागच्या चाकांवर वजन उपयोगी पडतं. टायरमध्ये पाणी भरायचं तर व्हॉल्व्ह सगळ्यात वर ठेवून, पाणी त्याच्या पातळीला येईपर्यंत भरा. म्हणजे सुमारे ७५ टक्के होतं, वरच्या जागेत हवा. १३.६-२८ च्या एका टायरमध्ये असं ढोबळमानाने दीडशे ते दोनशे लिटर पाणी मावतं, तेवढेच किलो वजन वाढतं. दोन्ही बाजूंना सारखं भरा. हवा मोजताना व्हॉल्व्ह वरच ठेवा.

प्रकार ख मध्ये पाणी काढून टाका आणि लोखंडी वजनंही उतरवा. पेरणीयंत्रासारख्या हलक्या कामाला ती लागत नाहीत, उलट ट्रॅक्टरला खाली घालतात.

चिखलणीच्या वेळी पाणी भरलेले टायर आणि लोखंडी चाकं दोन्ही लावणारे दिसतात. तळ अगदी उथळ आणि दगडासारखा नसेल तर दोन्हींपैकी एकच ठेवा. मी चाकं ठेवीन.

इशारा: ट्रॅक्टर रुतल्यावर मागच्या चाकांना ओंडका किंवा साखळी बांधून क्लच सोडण्याची रीत गावोगाव आहे. चाक अडलं आणि अॅक्सल फिरत राहिला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जातं आणि तो चालकावर उलटा पडतो. विचार करायला वेळही मिळत नाही. अवजार सोडा, मागे सरकवून बघा, चाकापुढची माती फावड्याने काढा, आणि तरीही नाही निघाला तर दुसऱ्या ट्रॅक्टरने खालच्या ओढदांड्यालाच बांधून ओढा.

डिफरन्शियल लॉक चाक घसरायला लागण्याआधी, सरळ चालताना दाबा आणि वळण्याआधी सोडा. एक चाक वेगाने फिरत असताना दाबला तर आतला दाता तुटू शकतो.

## टप्पा ८ : घसर मोजा

"आता बरं ओढतोय" हे मोजमाप नव्हे. घसर मोजायला दहा मिनिटं लागतात.

मागच्या टायरवर खडूची ठळक रेघ मारा. अवजार उचलून, कडक जागी, कामाच्याच गिअरमध्ये चाकाचे दहा फेरे होतील इतकं जा. सुरुवात आणि शेवट खुंटी ठोकून मोजा. मग शेतात अवजार लावून, नेहमीच्या खोलीला, पुन्हा दहा फेरे आणि पुन्हा अंतर. पहिलं अंतर ३९ मीटर आणि दुसरं ३३ आलं, तर फरक ६ मीटरचा. ६ भागिले ३९, म्हणजे साधारण १५ टक्के घसर.

नांगरलेल्या किंवा मऊ जमिनीत १० ते १५ टक्के योग्य. चिखलणीत त्याहून थोडी जास्त चालते. आकडा बघून पुढचं ठरवा:

- ८ टक्क्यांच्या खाली: ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे, डिझेल वजन वाहण्यात जातंय. पाणी किंवा वजन कमी करा.
- १५ ते २० च्या दरम्यान, प्रकार क किंवा ग: आधी हवा पुस्तिकेच्या आकड्यावर आणा, मग वजन वाढवा.
- १५ ते २० च्या दरम्यान, प्रकार ख: हवा तपासा, अवजाराची खोली कमी करा. वजन वाढवू नका.
- २० च्या वर आणि टायर मातीने भरलेला: एक गिअर वर घेऊन बघा, चाकाच्या वेगाने माती झटकली जाते का ते पाहा. तरीही भरत असेल तर नक्षी चुकली आहे किंवा अजून वाफसा आलेला नाही.
- २० च्या वर आणि टायर स्वच्छ: पकडीला तळ मिळत नाहीये. गज घेऊन त्याच जागी पुन्हा मोजा, पावसाने तळ खाली गेलेला असू शकतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. हवा, वजन आणि खोली एकदम बदलली तर आकडा सुधारेल, पण कशामुळे ते कळणार नाही, आणि पुढच्या पावसात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. आकडे मडगार्डच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवा: शेताचं नाव, हवा, वजन, घसर. ड्रायव्हर बदलला तरी ते तिथेच राहतात.